आबा खोटं बोलत नाहीत

आज संध्याकाळी वॉर्डात पुन्हा तेच. "आत्ताच रंकाळ्यावर फिरून आलो, गंगावेशीत दूध प्यालो." माणूस दहा दिवस खाटेवर! लेक वैतागली, "आबा, खोटं कशाला बोलताय?"

खोटं नसतं ते. मेंदूच्या पुढच्या भागातल्या धमनीवरचा फुगा (कमकुवत भिंतीचा फुगवटा) फुटला की कधी कधी नवी आठवण टिकत नाही आणि मेंदू ती मोकळी जागा जुन्या आठवणींनी भरतो. वाद घालू नका. "आज मंगळवार, ऑपरेशन झालंय, दवाखान्यात आहात," दर वेळी हेच वाक्य. चष्मा, कानाचं यंत्र लावा. "ओळखा, मी कोण?" ही परीक्षा तर बंदच करा बाई.

मात्र काल नीट बोलणारे आज गुंगले, तर लगेच सिस्टरना सांगा. फुगा फुटल्यानंतर साधारण 4 ते 14 दिवसांत मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. निमोडिपीनची गोळी सहसा दर 4 तासांनी 21 दिवस असते ती त्यातून होणारं मेंदूचं नुकसान कमी करण्यासाठीच, रात्रीची झोपमोड झाली तरी चुकवायची नाही. रक्तातलं सोडियमही उतरू शकतं, बीपीच्या धास्तीनं मीठ आपल्या मनानं तोडू नका.

घरी गेल्यावर पाय जमिनीला चिकटल्यागत चाल, कपड्यात लघवी आणि वाढता विसर असं एकत्र दिसलं, तर "वय झालं" म्हणू नका. मेंदूत पाणी साठलेलं असू शकतं, सीटी स्कॅन लागतो.