कुकरची रिंग आणि ती दुसरी

२४ मार्च २०२०ला रात्री आठ वाजता लॉकडाऊन जाहीर झाला आणि साडेआठला आई म्हणाली, कुकरची रिंग गेलीये. म्हणजे आधीपासूनच ढिली होती, बाजूने वाफ जायची, शिट्टी व्हायचीच नाही, उद्या आणू उद्या आणू करत महिना गेला आणि आता दुकानच बंद.

त्याच आठवड्यात मी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचायला घेतलं, म्हणजे टॉल्किनची ती कादंबरी, ज्यात एक दुष्ट जादूची अंगठी, म्हणजे रिंग, नष्ट करायला काही जण निघतात. शप्पथ, ठरवून नाही. हजाराच्या वर पानांचा तो ठोकळा मी लॅपटॉपखाली उंचीसाठी ठेवला होता. आधी दोनदा सोडलेलं, कारण सुरुवातीलाच हॉबिट, म्हणजे त्यातले बुटके लोक, तंबाखू कुठली ओढतात यावर एवढं लिहिलंय की आपण शेतकी मासिक वाचतोय असं वाटतं. पण आता वेळच वेळ होता. आणि बाहेर जे चाललं होतं त्यापुढे हॉबिट फारच नॉर्मल वाटायला लागले. दुधाच्या पिशव्या साबणाने धुऊन दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेल्या, बाबा लिफ्टचं बटण पेनाच्या टोपणाने दाबायचे, शेजारच्या काकूंनी २२ तारखेला थाळी बडवताना पितळी ताटाला पोचा पाडलेला. ५ एप्रिलला नऊ वाजता अख्खी सोसायटी दिवे घालवून पणत्या घेऊन बाल्कनीत उभी, आणि मी आत मोबाइलच्या टॉर्चवर पुस्तकातल्या मोरियाच्या खाणीत. पुढे त्या पुस्तकात झाडं चालायला बोलायला लागली तेव्हा मला काहीच वाटलं नाही, पण आमच्या गल्लीत भरदुपारी एक माणूस नाही हे काही केल्या पचेना.

आणि त्या पुस्तकातले लोक चालतात हो! नुसते चालतात, दिवसच्या दिवस, डोंगर नद्या दलदली. मी हॉल ते किचन बावीस पावलं.

वाचताना एक गंमत लक्षात आली, मला लढाया आठवायच्याच नाहीत, रिंग नेणाऱ्या हॉबिटच्या सोबत्याची, सॅमची पिशवी आठवायची. जग बुडायला आलंय आणि हा माणूस पाठीवर भांडी घेऊन निघालाय, मिठाची छोटी डबी जपून ठेवलीये, दोरी घरी राहिली म्हणून चुटपुटतोय, वाटेत ससा शिजवताना बटाटे असते तर म्हणतोय. ही तर आमची आई! तिकडे आकडे वाढतायत आणि ही कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवून डाळ किती दिवस पुरेल ते मोजतेय. रिंग तिने फ्रीजरमध्ये ठेवून पाहिली, म्हणजे आवळते म्हणे. एकदा आवळली. मग परत पातेल्यातली डाळ, तासभर गॅस आणि आईची कटकट. तिकडे ते रिंग ज्वालामुखीत टाकायला निघालेले, आमची मटारच्या पिशवीवर.

शेवटी शेवटी ओझं झेपत नाही म्हणून सॅम ती भांडी एका खोल भेगेत टाकून देतो आणि ती खाली आपटल्याचा आवाज त्याला सहन होत नाही, तिथे मी रडले. राजे मेले तेव्हा कोरडी होते, आणि तव्या-पातेल्यांसाठी रडले. आईने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, कांदा. कांदा तीच चिरत होती, मी नाही.

पुस्तकात ती रिंग नष्ट होते ती तारीखही २५ मार्च, आणि त्यांच्या गोंडोर राज्यात तेव्हापासून नवं वर्ष २५ मार्चलाच सुरू करायचं ठरतं. आमच्याकडे लॉकडाऊनचा पहिला दिवस २५ मार्च, आणि तोच गुढीपाडवा! बाबांनी गेटजवळचा कडुनिंब तोडून आणला होता, गाठी मिळाल्या नव्हत्या, तशीच गुढी उभी केलेली. मी हे सगळ्यांना ओरडून सांगितलं. बाबा म्हणाले, बरं. आई म्हणाली, त्यांना मिळाली ना रिंग, मग झालं.

मे संपता संपता भांड्यांच्या दुकानाचं अर्धं शटर उघडलं. बाबा मास्क, टोपी, ग्लोव्हज असे मोहिमेवर निघावं तसे गेले आणि पाऊण तासाने विजयी परतले. रिंग तीन लिटरची होती. आमचा कुकर पाचचा.