चेन्जियागोऊत दोन हात

चीनमधल्या झेंगझोऊ शहरातून निघून ह्वांग हो नदी ओलांडली की थोड्या वेळाने वेन काउंटी लागते. चेन्जियागोऊ तिथलंच एक गाव. ताई ची ही चिनी युद्धकला इथे सतराव्या शतकात चेन वांगतिंग यांनी रचली असं मानतात. पुढे यांग लुचान यांनी याच गावात चेन चांगशिंग यांच्याकडे धडे घेतले आणि ही विद्या बीजिंगला पोचवली. २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही तिचं नाव लागलं. गावात पाऊल टाकलं की मात्र दिसतात त्या तालमी. गल्लोगल्ली.

एकट्याने करायचे संथ हात मी पुण्यात बागेत तीन वर्षं गिरवले होते. इथे आलो तो जोडीच्या सरावासाठी. त्याला म्हणतात तुईशोऊ, म्हणजे सरळसरळ ‘ढकलहात’.

माझ्या वाट्याला सत्तरीचे एक आजोबा आले. किडकिडीत, पायात कापडी बूट. समोरासमोर उभं राहायचं, उजवा पाय पुढे, मनगटाला मनगट टेकवायचं. एकाने छातीच्या दिशेने रेटायचं. दुसऱ्याने न अडवता कंबर वळवून तो रेटा बाजूने जाऊ द्यायचा आणि तिथूनच परत करायचा. दोघी बायका एकाच खुंट्याला धरून जातं ओढतात ना, अगदी तसं. फक्त इथे खुंटा नाही आणि हात सुटता कामा नये.

पाच मिनिटांत माझी दमछाक. आजोबा आपले म्हणतायत, “सोंग, सोंग!” मला वाटलं, चोरी पकडली. कारण मी खरंच सोंग करत होतो: मनगट सैल, पण खांदा दगडासारखा. चिनीत ‘सोंग’ म्हणजे ढिलं सोड. मग हट्टाने जोर लावला. त्यांचं मनगट हलकेच मागे सरलं, समोर काहीच उरलं नाही आणि मी तीन पावलं धडपडत भिंतीपाशी. त्यांनी मला ढकललंसुद्धा नव्हतं!

याला ते ‘तिंग जिन’ म्हणतात. तिंग म्हणजे ऐकणं, पण कातडीने. समोरच्याचा भार कुठल्या पायावर आहे, जोर कुठून निघतोय, ते मनगटालाच कळायला हवं. चार ल्यांगनी हजार जिन वळवावेत अशी चिनी म्हण आहे; इथे ल्यांग आणि जिन ही वजनाची मापं. आजच्या मापात २०० ग्रॅमनी ५०० किलो. माझ्या बाबतीत उलटा हिशेब चालला होता.

दुपारी जेवणात इथला नावाजलेला लांबट कंद आला, वाफवलेला. कोनफळाचाच भाऊबंद, पण पांढरा. तेवढ्यात आजोबांना मोबाइलवर मराठी ‘सोंग’चा अर्थ भाषांतर करून दाखवला. ते ठसका लागेपर्यंत हसले. संध्याकाळी पुन्हा मनगटं टेकली. दुसऱ्याच फेरीला त्यांनी डाव्या हाताने माझा खांदा चिमटीत धरला आणि भुवया उंचावून विचारलं, “सोंग?”