एक्सलचे बूट घरी बदलले: माझा अनुभव

चाकाच्या रिमला आतल्या बाजूने काळ्या ग्रीसचे फराटे दिसले की समजायचं, बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (एक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा, चाक वळलं तरी फिरत राहणारा सांधा) बूट, म्हणजे त्यावरचं घड्यांचं रबरी आवरण, फाटला. माझ्या हॅचबॅकच्या डाव्या बाजूला तेच झालं होतं. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवली, तर कटकट ऐकू आली नाही. हा आवाज येत असेल तर नुसता बूट बदलून उपयोग नाही, जॉइंट आतून खराब झालेला असतो. दुसरी परीक्षा बोटांची. फाटलेल्या घडीतलं चिमूटभर ग्रीस अंगठा आणि तर्जनीत चोळलं. ते लोण्यासारखं मऊ लागलं, कचकच नव्हती, म्हणून काम हातात घेतलं.

आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा बूटही तेवढाच जुना असल्याने दोन्ही बदलायचं ठरवलं. त्याला आणखी एक कारण होतं. माझ्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल चाकाकडचा जॉइंट शाफ्टवरून काढू नका असं स्पष्ट सांगतं. त्यामुळे बाहेरचा बूटसुद्धा गिअरबॉक्सच्या टोकाकडूनच सरकवत आणावा लागतो आणि आतला जॉइंट उघडावाच लागतो. दोन्ही किट घेतली: बूट, लहान-मोठ्या क्लिपा, मोजून भरलेल्या ग्रीसच्या पुड्या, सर्कलिप (शाफ्टच्या खाचेत बसणारी अडकवणीची रिंग). एक्सलचा नट वेगळा आणि नवाच घेतला. उभा चिरलेला, चिकटवायचा बूट बाजारात मिळतो. त्यात एक्सल काढावा लागत नाही, पण जॉइंट धड साफही होत नाही आणि सांधा पहिल्या पावसात उकलू शकतो. मी तो कोणालाही सुचवणार नाही.

चाक जमिनीवर असतानाच एक्सलचा नट ढिला करायचा. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी छिन्नीने उचलली. मग हँडब्रेक, पहिला गिअर आणि एकाचा पाय ब्रेकवर. गोटीला (सॉकेट पान्याला) लांब टॉमी (दांडा) लावली तेव्हा नट हलला. त्यानंतर दोन्ही पुढची चाकं उचलून गाडी स्टँडवर घेतली. एकच बाजू उचलली तर दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार लोअर आर्मला (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याला) खाली येऊ देत नाही आणि त्याच्या टोकाच्या बॉल जॉइंटशी विनाकारण झटापट होते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

बॉल जॉइंटचा बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो पिनच्या खाचेतून जातो. पिन धरणाऱ्या पकडीच्या फटीत चपटा स्क्रूड्रायव्हर ठोकून ती जरा रुंदावली, आर्म पहारीने खाली दाबला आणि पिन सुटली. एक्सल हबमधून (चाक बसतं त्या भागातून) काढताना नट टोकाशी आट्यांवर ठेवून त्यावर लाकूड धरलं आणि ठोकलं. उघड्या टोकावर हातोडा मारला तर आटे दबतात आणि नवा नट चढत नाही. हब बाजूला घेताना ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, ते बघायचं.

आतल्या बूटची मोठी क्लिप कापून शाफ्ट सरळ बाहेर ओढला आणि जॉइंटची वाटी गिअरबॉक्समध्येच राहू दिली. त्यामुळे गिअर ऑइल सांडलं नाही. काही गाड्यांत वाटीच्या तोंडाशी तारेची रिंग असते, ती आधी काढावी लागते. तीन रोलर बाहेर आल्याबरोबर त्यांना टेप गुंडाळली, कारण ते निसटले की आतल्या सुया विखुरतात. वाटी, स्पायडर (रोलर बसलेला तीन पायांचा तुकडा) आणि शाफ्टवर रंगाने खुणा केल्या, स्पायडरची कोणती बाजू बाहेर होती तेही लिहून ठेवलं, मग सर्कलिप काढून स्पायडर पितळेच्या तुकड्याने ठोकत उतरवला.

सगळ्यात जास्त वेळ मी सफाईला दिला. बाहेरचा जॉइंट वाकवून आतली प्रत्येक पोलादी गोळी तोंडाशी आणायची, जुनं ग्रीस पुसायचं, डिझेलने धुवायचं, शेवटी ब्रेक क्लीनर मारून पूर्ण वाळू द्यायचं. आत ओल राहिली तर नवं ग्रीस पातळ होतं. गोळ्या फिरतात त्या खाचांवरून नख फिरवून पाहिलं. खड्डा किंवा पायरी लागली असती तर तिथेच थांबून जॉइंट बदलला असता.

शाफ्टच्या दात्यांवर टेप लावूनच बूट चढवायचे, नाहीतर नव्या रबरावर चरा पडतो. क्रम महत्त्वाचा: बाहेरच्या बूटची मोठी क्लिप, तो बूट रुंद तोंड पुढे करून, त्याची लहान क्लिप, मग आतल्या बूटची लहान क्लिप आणि तो बूट अरुंद तोंडाने. क्लिप घालायची राहिली तर स्पायडर पुन्हा उतरवावा लागतो. ग्रीस दोन्ही जॉइंटचं वेगळं असतं. माझ्या किटमध्ये बाहेरच्यासाठी काळं मॉलीचं (मॉलिब्डेनम मिसळलेलं), आतल्यासाठी पिवळसर होतं. ते मिसळायचं नाही. पुडी पूर्ण वापरायची, पण जास्तीचं भरायचं नाही. बहुतेक ग्रीस अंगठ्याने गोळ्यांच्या मध्ये दाबलं, उरलेलं बूटमध्ये.

बूट बसण्याची जागा मात्र कोरडी पुसावी. तिथे ग्रीस राहिलं की क्लिप कितीही घट्ट असो, रबर सरकतं. क्लिपा आवळण्याआधी जॉइंट सरळ धरून लहान तोंडाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर सरकवला आणि आतली हवा सोडली. हवा अडकली तर बूट फुगतो, आत कमी पडली तर घड्या चपट्या होऊन एकमेकींवर घासतात. पट्टीची क्लिप असेल तर मॅन्युअलप्रमाणे तिचं टोक पुढे जाणाऱ्या चाकाच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेला दुमडायचं. कानाच्या (उंचवटा दाबून आवळायच्या) क्लिपेला तिची खास पकडच हवी. प्लॅस्टिक टाय इथे टिकत नाही, आणि होज क्लिपचा स्क्रू फिरताना आजूबाजूला आपटू शकतो.

जोडणी उलट क्रमाने. बॉल जॉइंटची पिन खाचेपर्यंत वर गेल्याशिवाय बोल्ट आरपार जात नाही, जबरदस्ती केली तर आटे जातात. नवा नट गाडी वर असतानाच, ब्रेक दाबून, बऱ्यापैकी आवळला. ढिल्या नटावर गाडीचं वजन आलं तर चाकाचा बेअरिंग मार खातो. चाक टेकल्यावर टॉर्क पान्याने मॅन्युअलमधला आकडा गाठला आणि कड खाचेत ठोकली.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर चाक वळवून बॅटरीच्या उजेडात दोन्ही बूट पाहिले. क्लिपांच्या कडेला ग्रीसची बारीक रेघ होती. ती पुसून आणखी आठवडाभर गाडी चालवली, पुन्हा उमटली नाही. आता दरवर्षी मे संपायच्या आत घड्या बोटांनी उघडून आतल्या भेगा बघतो, कारण रबर आधी तिथेच चिरतं.