फॉर्मेशन लॅपमध्येच

१६ मार्च २०२५, रविवार

सकाळी साडेनऊला मेलबर्न. चहा घेऊन टीव्हीसमोर बसलो आणि कप अर्धा व्हायच्या आत इसाक हाजारची पहिली फॉर्म्युला वन शर्यत संपली. संपली तरी कसं म्हणायचं, सुरूच झाली नव्हती. शर्यतीआधी गाड्या एक सावकाश चक्कर मारून आपापल्या जागी उभ्या राहतात, त्या फॉर्मेशन लॅपमध्येच ओल्या रस्त्यावर त्याची गाडी मागून फिरली आणि भिंतीवर गेली. पोरगं वीस वर्षांचं. हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून रडत चालत आलं. जुनाजाणता ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन, त्याचे वडील पुढे झाले, त्याला जवळ घेतलं, काहीतरी बोलले. घरातल्या मंडळींना या शर्यतींचं काडीचं वेड नाही, पण तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "त्याची आई बघत असेल का हो हे?"

नंतर त्याच्या संघाची मालकी असलेल्या रेड बुलच्या वरच्या माणसाने, हेल्मुट मार्कोंनी, ते रडणं लाजिरवाणं होतं असं बोलून दाखवलं. बोललेलं ते बोललेलंच.

पावसाने आज नवख्यांची परीक्षाच घेतली. डूहन पहिल्याच फेरीत गेला, बोर्तोलेतो आणि लॉसन शेवटी शेवटी गेले. आणि अठरा वर्षांचा अँटोनेली, अजून शाळेची शेवटची परीक्षा द्यायची आहे त्याला, सोळाव्या जागेवरून निघून चौथा आला. उद्यापासून बाकीच्या पोरांना त्याचंच माप लावणार. घरोघरी हेच.

२७ मार्च, गुरुवार

रेड बुलने लिआम लॉसनला काढलं. बरोब्बर दोन शर्यतींनंतर. त्याला रेड बुलच्याच धाकट्या संघात, हाजार आहे तिथे, परत पाठवलं आणि तिथला त्सुनोदा वर आणला.

लॉसनची बाजू मांडायला जावं तर आकडे आडवे येतात. शर्यतीत कोण कितव्या जागेवरून निघणार ते पात्रता फेरीत ठरतं, तीत हा मेलबर्नला अठरावा, शांघायला विसावा, म्हणजे शेवटचा. पण या दोन्ही ट्रॅकवर तो याआधी कधी चालवलाच नव्हता, आणि मेलबर्नला सरावाच्या शेवटच्या सत्रात इंजिनाचा बिघाड झाल्याने तेही वाया गेलं. पुढची शर्यत सुझुकाला. जपानात तो सुपर फॉर्म्युला या तिथल्या शर्यतमालिकेचा अख्खा हंगाम खेळलाय, सुझुका त्याच्या पायाखालचं. नेमकं त्याच्या तोंडावर काढलं. कामगाराला दोन दिवस परक्या मशीनवर उभं करायचं आणि त्याच्या सवयीचं मशीन मोकळं झालं की घरी पाठवायचं, तसलं हे.

बरं, रेड बुलमधली वेरस्टॅपेनच्या शेजारची ती खुर्चीच तशी आहे. २०१९ मध्ये गॅस्लीला बारा शर्यती मिळाल्या, मग धाकट्या संघात. तिथून त्याने पुढच्याच वर्षी इटलीतली मोंझाची शर्यत जिंकली! त्याच्या जागी आलेला आल्बोन २०२० अखेर गेला. पेरेझ तर मुरलेला गडी, तोही गेल्या वर्षअखेर गेला. गाडी वेरस्टॅपेनच्या हाताला बसलेली, पुढचं टोक तीक्ष्ण, मागचा भाग सुटायला टपलेला. त्याला ती तशीच लागते. दुसऱ्याने बसायचं आणि त्याच्याइतकं नाही तरी त्याच्या जवळपास पळायचं, आणि तेही लगेच.

हे आज इतकं का लागलं ते मला माहीत आहे. टेबलावर फॉर्म पडलाय. आमच्या कारखान्यातल्या मशीन शॉपमध्ये तीन महिन्यांपूर्वी लागलेलं पोरगं, बीडकडचं, आयटीआय झालेलं, खराबवाडीत चौघांत एक खोली घेऊन राहतंय. मागच्या आठवड्यात रात्रपाळीला त्याने ऑफसेट, म्हणजे टूल किती सरकवायचं तो आकडा, भरताना उण्याच्या जागी अधिक दाबलं. टूल जॉबमध्ये, म्हणजे मशीनवर घडवायच्या तुकड्यात, घुसलं, मशीन सकाळपर्यंत बंद. त्यात मार्चएंड. फॉर्मवर तीन चौकोन आहेत: कायम, मुदतवाढ, कमी करणे. वरून निरोप आलाय, "फार विचार करू नका."

सही केली नाही आज.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. साडेदहाला सुझुका सुरू झाली आणि बाराच्या पाळण्याआधी आटोपली, म्हणजे दोन्हीकडे हजेरी लागली. वेरस्टॅपेन जिंकला, त्सुनोदा बारावा. गाडी बदलली, माणूस बदलला, आकडा फारसा बदलला नाही.

देवळातून येताना डोक्यात एकच चाललं होतं: ही पोरं चुकायची कुठे? हॅमिल्टन २००७ मध्ये आला तेव्हा पहिल्या नऊच्या नऊ शर्यतींत पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, उभा राहिला, त्याचं उदाहरण अजून सगळे देतात. पण त्याने आधी त्या गाडीत चाचण्यांची किती किलोमीटर घातली होती हे सांगत नाहीत. तेव्हा संघ हवं तेवढं टेस्टिंग करायचे. २००९ पासून हंगामातलं टेस्टिंग जवळजवळ बंदच झालं, खर्च कमी करायला. हेतू चांगलाच होता. यंदा हंगामाआधी बहरीनला तीन दिवस मिळाले, एका संघाला एक गाडी आणि दोन ड्रायव्हर, म्हणजे माणशी दीड दिवस. बाकी सिम्युलेटर. ज्या संघाकडे पैसा आहे तो नियमात बसवून दोन वर्षांपूर्वीच्या गाडीवर पोराला फिरवून आणतो. अँटोनेलीला मर्सिडीजने गेल्या वर्षी तसं भरपूर फिरवलं. तरी मोंझाच्या सरावात, जगासमोर पहिल्यांदा गाडीत बसल्यावर, दहा मिनिटांत त्याने ती ठोकली होतीच. फरक एवढाच की त्याला परत बसवलं.

आपल्या करुण चंधोकचं आठवलं. २०१०, बहरीन, हिस्पानिया संघ. गाडीच जुळून तयार नव्हती. त्याने ती पहिल्यांदा चालवली ती थेट पात्रता फेरीत! शर्यतीत दुसऱ्याच फेरीत बाहेर. दहा शर्यतींनंतर त्याच्या जागी दुसरा बसला. तेव्हा इकडे लोक "आपल्याला जमत नाही" म्हणून मोकळे झाले होते, मीही त्यातलाच. आणि मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला, पण फॉर्म्युला वनची खुर्ची मिळालीच नाही. चुकायलाही आधी खुर्ची लागते.

भोसरीत मी लागलो त्या वर्षी एक महागडा जॉब मी खाल्ला होता, म्हणजे वाया घालवला होता. आमच्या मिस्त्रींनी तो उचलला, स्क्रॅपच्या बिनमध्ये तळाशी घातला, वर चुरा ओढला आणि म्हणाले, "जा, चहा घेऊन ये. दोन." त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत. आज मी मनात आणलं तरी तसं करू शकत नाही. किती वाजून किती मिनिटांनी कुठलं बटण दाबलं, हे मशीन स्वतःच वर कळवतं. त्या पोरांच्या गाड्यांचंही तेच, कुठल्या वळणावर ब्रेक किती दाबला, सगळं कारखान्यात पडद्यावर. शिवाय पोरगं रेडिओवर शिवी देतं तीही जग ऐकतं.

मुदतवाढीच्या चौकोनात खूण करून सही केलीय. तीन महिने. भित्रेपणाच म्हणायचा, कारण 'कायम'वर करायची हिंमत झाली नाही. उद्या फॉर्म वर जाईल.

८ मे, गुरुवार

दोन दिवस टीव्हीवर ऑपरेशन सिंदूर सोडून काही नाही, त्यामुळे अल्पीन संघाची बातमी मला उशिरा कळली. डूहन गेला, सहा शर्यती करून. पुढच्या पाच कोलापिंतोला. याची तर गंमतच वेगळी: हंगाम सुरू व्हायच्या आधी, जानेवारीतच, कोलापिंतोला राखीव म्हणून आणून मागे उभा केला होता. पाठीमागे दुसरा हेल्मेट घेऊन उभा असताना तू नीट वळण घे म्हणायचं. मी तर स्कूटरसुद्धा घेऊ शकणार नाही.

पोराला मी दिवसपाळीत घेतलंय. ऑफसेट भरताना आकडा मोठ्याने वाचतं आता. शेजारचे हसतात, मी हसू देतो.

३१ ऑगस्ट, रविवार

आज गौरी आल्या. घरभर पावलं, त्यात मी साडेसहाला टीव्हीपुढे, त्यामुळे बोलणी खाल्ली. पण नेदरलँड्समधली झांडवूर्टची शर्यत चुकवली असती तर वर्षभर चुटपुट लागली असती. हाजार चौथ्या जागेवरून निघाला, शेवटी नॉरिसची गाडी धूर सोडून थांबली आणि हाजार तिसरा! पियास्त्री, वेरस्टॅपेन आणि तिसरा हा, मार्चमध्ये रडत चालत गेलेला. यावरून लगेच "बघा, संधी दिली की" असं कोणी म्हणेल. लॉसननेही परत गेल्यावर मोनॅकोला आठवा येऊन गुण मिळवले. पण कोलापिंतोचा आकडा अजून शून्यच आहे, डूहनचाही शून्यच होता. त्यांच्याबद्दल काय म्हणायचं?

पोराचा दुसरा फॉर्म जुलैत भरला. या वेळी पेन अडलं नाही. पहिल्या पगारवाढीतून त्याने मोबाईलवर शर्यती दिसायचं काहीतरी घेतलंय, मी सांगितलेलं नाही, शपथ. आत्ता दहा वाजता त्याचा व्हिडिओ आला. संघाबरोबर फोटो काढताना हाजारच्या हातातली ती चिनीमातीची ट्रॉफी मोडली, खालचा तुकडा वेगळा, वरचा वेगळा, आणि हा हसतोय. खाली पोराने लिहिलंय:

"सर, जॉब रिजेक्ट. बिनमध्ये टाकू का?"

त्याला ती मिस्त्रींची गोष्ट मी कधी सांगितली, आठवत नाही.