आमच्या घरात कोण कशाच्या जोरावर उभं राहिलं

संकट आलं की आपल्याकडे सगळ्यांना एकच सल्ला मिळतो, खंबीर राहा, आणि खंबीर म्हणजे काय तर डोळ्यातून पाणी काढायचं नाही, तक्रार करायची नाही, दात-ओठ खाऊन कामाला लागायचं. ज्याला जमतं त्याला जमू दे, पण ज्याला नाही जमत तो बिचारा स्वतःला कमकुवत समजत बसतो आणि मला हे मनापासून खटकतं. माझं म्हणणं असंय की जो तो आपापल्या स्वभावातल्या जमेच्या बाजूवर सावरतो, उसन्या खंबीरपणावर नाही, त्यामुळे आपली जमेची बाजू कोणती हे आधीच माहीत असलेलं बरं.

हे मला पटलं ते २०१९ च्या पुरानंतर. आमचं सांगलीत स्टेशनरीचं दुकान, खाली दुकान वर घर. त्या ऑगस्टमधे आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी आहे ४५. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर वह्या पाणी पिऊन इतक्या फुगलेल्या की रॅकमधून हलेनात, अक्षरशः पहार घालून उचकटून काढायला लागल्या, आणि तो वास, चिखल, डिंक आणि कुजका कागद यांचा एकत्र, अजून आठवतो.

बाबा मात्र उधारीची वही घेऊन बसले. एकेक ओलं पान सुटं करायचं, मधे रद्दी पेपर घालायचा, फॅनखाली ठेवायचं. बॉलपेनने लिहिलेलं टिकलं होतं, जेलपेनचं सगळं निळं पाणी झालेलं. दादा म्हणाला अंदाजाने लिहून टाकू, तर बाबा म्हणाले, "जे दिसत नाही ते सोडायचं, कुणाच्या नावावर अंदाजाने आकडा मांडायचा नाही." लाखांचा माल गेलेला माणूस काही हजारांच्या उधारीवर पाणी सोडत होता, पण त्या वहीपाशी बसले की त्यांचा चेहरा शांत व्हायचा. पुढे बरेच जण आपणहून आले, आमचे इतके इतके होते म्हणून सांगून गेले.

दादाला एका जागी बसवतच नाही, तो आमचा चिखल काढून झाला की गल्लीत ज्याच्याकडे माणूस कमी त्याच्याकडे फावडं घेऊन हजर. आईला जड काम झेपत नव्हतं. पोटमाळ्यावर रंगीत कागदांचा एक गठ्ठा कोरडा सापडला, तो तिने विकायला दिलाच नाही. २ सप्टेंबरला गणपती होते, भिंतींना अजून ओल होती, आणि त्या ओल्या भिंतीपुढे तिने त्या कागदांची अशी आरास केली की शेजारच्या काकू बघायला आल्या आणि पुरानंतर पहिल्यांदाच पुराशिवाय दुसरं काहीतरी बोलत बसल्या. माझं काम कागदपत्रांचं, पंचनामा, फोटो, बँक, प्रत्येक गोष्टीची झेरॉक्स फाईलमधे तारखेनुसार. मला त्यात आधार वाटायचा, बाकीच्यांना नुसतं बघून थकवा यायचा.

नंतर लॉकडाऊनमधे याच विषयावर वाचायला लागले. मार्टिन सेलिगमन आणि ख्रिस्तोफर पीटरसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००४ मधे माणसाच्या स्वभावातल्या २४ गुणांची यादी मांडली, कुतूहल, चिकाटी, प्रामाणिकपणा, दयाळूपणा, विनोदबुद्धी, क्षमा, सावधपणा, कृतज्ञता, सौंदर्याची जाण वगैरे. सौंदर्याची जाण हा त्यात धीर किंवा चिकाटीच्या बरोबरीने मांडलेला गुण आहे हे वाचून मी आईला फोनच केला. त्यांची प्रश्नावली ऑनलाईन फुकट भरता येते, ती तुम्हाला पास-नापास करत नाही, २४ गुणांचा क्रम लावून देते. २००५ च्या त्यांच्या एका प्रयोगात लोकांना सांगितलं होतं की तुमच्या वरच्या पाच गुणांपैकी एक रोज नव्या पद्धतीने वापरा, फक्त एक आठवडा, आणि त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांनीही दिसत होता.

टेस्ट भरायची नसेल तरी ओळखता येतं. कशात दमूनही कंटाळा येत नाही ते बघा, दुसऱ्याच्या कुठल्या वागण्याने तुमचं डोकं सटकतं ते बघा (बाबांना खोटा हिशोब दिसला की जेवण जात नाही), आणि मुख्य म्हणजे घरच्यांना विचारा की मागच्या वाईट काळात मी नेमकं काय करत होते. आपल्याला जे सहज येतं ते आपल्याला गुण वाटतच नाही, त्यामुळे हे दुसऱ्याकडूनच जास्त कळतं.

गुण अति झाला की त्याचाही त्रास होतो हं. माझा सावधपणा पावसाळ्यात रात्री-अपरात्री कोयना धरणाचा विसर्ग, म्हणजे किती पाणी सोडलंय ते, बघत बसण्यापर्यंत जातो, दादा दुसऱ्यांसाठी राबून आजारी पडतो. आणि एक स्पष्ट सांगते, ज्याच्या घरात पाणी आहे त्याला आधी कोरडे कपडे, जेवण आणि नुकसानभरपाई पाहिजे, स्वभावाच्या गोष्टी त्यानंतर. तू मुळात स्ट्राँग आहेस म्हणून कुणाच्या हक्काची मदत टाळणं मला अजिबात मान्य नाही.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, जवळपास ५५ फूट. यावेळी कामं ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे वाटली. विसर्गाचे आकडे बघून माल कधी हलवायचा ते मी सांगायचं, दादा आणि त्याचे मित्र उचलणार, बाबांनी ऑर्डर दिलेल्या प्रत्येकाला फोन करून माल कधी मिळेल किंवा मिळणार नाही ते खरं खरं सांगायचं. आईला कुणी खोकी उचलायला लावली नाहीत, ती विश्रामबागला मावशीकडे गल्लीतली चार पोरं घेऊन गेली आणि त्यांना कागदाची फुलं करायला बसवलं, आणि त्यांच्या आयांनी निवांतपणे घरं रिकामी केली.