उजव्या कानाला मोठी, डाव्याला मधली

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या बाजारातून अकराशेला आणलेले वायरवाले इयरफोन मी दुसऱ्याच दिवशी परत करायला निघाले होते. खर्ज, म्हणजे खालचा जाड आवाज, गायब, नुसतं पत्र्यासारखं चरचरत होतं. मग कळलं, माझ्या उजव्या कानाचं भोक डाव्यापेक्षा मोठं आहे. चाळिशी उलटल्यावर! (ग्वाल्हेरात गाणं शिकलेल्या बाईने कानाबद्दल असं कबूल करावं, म्हणजे कमालच.) डब्यातल्या तीन मापांच्या रबरी टोप्यांपैकी उजवीकडे मोठी, डावीकडे मधली लावली. कान जरा वर-मागे ओढून आत बसवलं, आणि खालचा सा एकदम भरून आला. फट राहिली की सगळ्यात आधी खर्जच निसटतो.

माझी कसोटी एकच: आईच्या तंबोऱ्याचं घरी केलेलं रेकॉर्डिंग. जवारी (घोडीवरून तार घासून येणारी गुंजन) चांगली लागली की षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या तारेतूनच गंधार (‘ग’) उमटतो, कुणी न छेडता. तो इथे स्वच्छ ऐकू आला. इतर गाण्यांतल्या झांजा मात्र बोचतात. अर्ध्या तासाने कान शिणतो.

आणि वायर! थंडीत शाल गुंडाळून चालायला निघाले की वायर शालीला घासते, तो खरखराट थेट कानात. आता वायर कानावरून मागे घेऊन घालते, तर बराच थांबलाय. ३.५ मिमीची पिन माझ्या फोनला लागत नाही, म्हणून वर एक अडॅप्टर. ह्यांचं रोजचं पालुपद, ‘ब्लूटूथ घे की!’ अजून एक वस्तू रोज चार्ज कोण करणार?