रिकाम्या रकान्यामागचा हक्क

डेटाबेसमधल्या परवानग्या तपासायच्या म्हटलं की बहुतेक ठिकाणी आधी एक एक्सेल शीट हातात पडते. डावीकडे रोल (म्हणजे डेटाबेसमध्ये शिरायची खाती), वरच्या ओळीत टेबलं आणि मधल्या चौकटींत ‘हो’ किंवा ‘नाही’. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या कामातही सुरुवात अशीच झाली. मुख्य प्रयोगशाळा शहरात आणि रक्ताचे नमुने घेणारी केंद्रं आजूबाजूच्या तालुक्यांत. केंद्रांच्या काउंटरवर जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर चालतं आणि ते मध्ये काहीही न ठेवता थेट पोस्टग्रेसला, म्हणजे लॅबच्या डेटाबेसला, जोडलेलं आहे. म्हणून प्रत्येक केंद्राला डेटाबेसमध्ये स्वतंत्र रोल. एका केंद्राने दुसऱ्या केंद्राचे रुग्ण पाहू नयेत याची सगळी भिस्त डेटाबेसवरच होती. रिसेप्शनवरच्या माणसाच्या हातात पासवर्ड आहे आणि त्याने उद्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला थेट प्रश्न, लिहिण्याचं कुठलंही साधन उघडलं तर त्याला अडवणारं दुसरं कुणी नाही.

शीट नीट बनवलेली होती, हे मी मोकळेपणाने सांगते. टेबलांवर रो-लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे कुणाला कुठल्या ओळी दिसाव्यात याचे नियम, लावलेली होती. पोस्टग्रेसमध्ये ही सोय ९.५ या आवृत्तीपासून आहे, पण आपल्याकडच्या किती तरी सॉफ्टवेअरमध्ये ती अजून वापरलीच जात नाही. इथे ती वापरली होती. कुणीतरी विचार करून काम केलं होतं.

शीट वाचून झाली की मी त्या त्या रोलच्या पासवर्डने प्रत्यक्ष लॉगिन करून बघते. सुपरयूझरने, म्हणजे सगळे हक्क असलेल्या खात्याने, आत शिरून ‘सेट रोल’ने दुसऱ्या रोलचं रूप घेतलं तर वेळ वाचतो, पण चाचणी अर्धवट राहते. सेशनचा मूळ यूझर सुपरयूझरच राहतो, रोलला लावून ठेवलेल्या सेटिंग्ज लागू होत नाहीत आणि कुठल्या आयपीवरून कुणाला आत घ्यायचं हे ठरवणारी फाइल तपासलीच जात नाही. केंद्रातला माणूस ज्या दारातून आत येतो त्याच दारातून यायला हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘नाही’ची चाचणी. केंद्राला स्वतःचे रुग्ण दिसतात की नाही हे सगळेच तपासतात, कारण ते दिसले नाहीत तर पाचव्या मिनिटाला फोन येतो. नको ते दिसत असेल तर मात्र कुणाचाच फोन येत नाही. आणि ‘नाही’ची चाचणी लिहिणं वाटतं तितकं सरळ नसतं. टेबलावर हक्कच नसेल तर पोस्टग्रेस ४२५०१ हा एरर कोड देऊन स्पष्ट नकार देतं. रो-लेव्हल सिक्युरिटीने अडवलं तर सिलेक्टला, म्हणजे माहिती वाचण्याच्या कमांडला, एरर येतच नाही, फक्त शून्य ओळी येतात. माहिती बदलणाऱ्या अपडेटचंही तेच: एरर नाही, शून्य ओळी बदलल्या. त्यामुळे दुसऱ्या केंद्राची माहिती टेबलात खरोखर आहे याची आधी खात्री करून घ्यावी लागते. नाहीतर रिकाम्या टेबलावरही चाचणी पास होते आणि सगळे खूश होतात.

काम स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या सर्व्हरवर, चाललं होतं. तिथे प्रत्यक्ष डेटाबेसची प्रत होती. रुग्णांची नावं आणि मोबाइल नंबर बदललेले होते. सकाळच्या चाचण्यांत टेबलं खणखणीत निघाली. पहिली गळती सापडली ती महिन्याच्या गोषवाऱ्याच्या व्ह्यूमध्ये. व्ह्यू म्हणजे साठवून ठेवलेली क्वेरी, जी टेबलासारखी वाचता येते. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू त्याच्या मालकाच्या हक्कांनी चालतो. इथे टेबलांचा आणि व्ह्यूचा मालक एकच होता आणि टेबलाच्या मालकाला रो-लेव्हल सिक्युरिटीचे नियम सहसा लागू होत नाहीत. परिणाम असा की टेबलात फक्त आपले रुग्ण दिसणाऱ्या केंद्राला व्ह्यूमध्ये सगळ्या केंद्रांचे दिसत होते. आवृत्ती १५ पासून व्ह्यूला ‘सिक्युरिटी इन्व्होकर’ हा पर्याय देता येतो, म्हणजे जो विचारतो त्याचे हक्क तपासले जातात. लॅबचा डेटाबेस १३ वरून १६ वर नेलेला होता, त्यामुळे हे एका ओळीचं काम होतं. ते तिथेच झालं.

खरा धक्का दुपारनंतर बसला.

शीटमध्ये फंक्शनसाठी, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या छोट्या प्रोग्रामसाठी, वेगळा रकाना होता आणि त्यातल्या एका नावापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. वेबसाइटवरून रिपोर्ट डाउनलोड करता यावा म्हणून बाहेरच्या एका व्हेंडरने ते फंक्शन लिहून दिलं होतं. नमुन्याचा बारकोड नंबर द्यायचा, पूर्ण रिपोर्ट मिळतो. माझ्यासोबतचा तरुण डेव्हलपर म्हणाला, “ताई, रकाना रिकामा आहे. म्हणजे कुणालाच दिलेलं नाही ना?” लॅबचे तांत्रिक प्रमुखही म्हणाले, “मॅडम, ग्रँट केलेलंच नाही, म्हणजे हक्कच दिलेला नाही, तर चालेल कसं?”

टेबलाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पोस्टग्रेसच्या नोंदींत टेबलाच्या परवानग्यांचा रकाना रिकामा असेल तर हक्क फक्त मालकाचा. पण रिकामा रकाना ‘कुणीही नाही’ असं सांगतच नाही. तो सांगतो की मूळ ठरलेल्या परवानग्या अजून कुणी बदललेल्या नाहीत. आणि फंक्शनच्या मूळ परवानग्यांत ते चालवण्याचा हक्क ‘पब्लिक’ला, म्हणजे प्रत्येक रोलला, दिलेला असतो. शिवाय हे फंक्शन ‘सिक्युरिटी डिफायनर’ होतं. चालवणारा कुणीही असो, आतलं काम मालकाच्या हक्कांनी होणार, आणि मालकाला ओळींचं बंधन नाही.

एका छोट्या केंद्राच्या रोलने लॉगिन केलं. आधी रिपोर्टच्या टेबलातून दुसऱ्या केंद्राचा बारकोड शोधला: शून्य ओळी. मग तोच नंबर फंक्शनला दिला. स्क्रीनवर पूर्ण रिपोर्ट आला. बारकोड नंबर क्रमाने दिलेले होते, म्हणून एक वाढवला. पुढच्या रुग्णाचा रिपोर्ट. आणखी एक वाढवला. वय, लिंग, गाव, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि त्याखाली ‘एचआयव्ही १ आणि २ प्रतिपिंडे: रिॲक्टिव्ह’.

मी तिथेच थांबले. पुढचा नंबर टाकायची गरजच नव्हती. नाव बदललेलं होतं, पण तालुक्याच्या गावात वय, गाव आणि डॉक्टर एवढं कळलं की नाव शोधायला वेळ लागत नाही. आणि प्रत्यक्ष डेटाबेसमध्ये तर नावही होतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेवर माहितीच्या संरक्षणाची जबाबदारी टाकतो. कायदा बाजूला ठेवला तरी त्या माणसाने रक्त दिलं ते लॅबवर विश्वास ठेवून. त्याचा निकाल शेजारच्या तालुक्यातल्या काउंटरवर कुणाला सहज वाचता यावा, हे मला अजूनही सहन होत नाही.

डेव्हलपरने लगेच केंद्रांच्या रोलकडून हक्क काढून घेण्याची कमांड चालवली. पोस्टग्रेसने निमूटपणे ‘रिव्होक’ असं उत्तर दिलं. मी पुन्हा केंद्राच्या लॉगिनमधून तोच नंबर टाकला. रिपोर्ट पुन्हा आला. डेव्हलपर गोंधळला, आणि ते स्वाभाविक होतं. त्या रोलला हक्क वेगळा दिलेलाच नव्हता, मग काढून काय घेणार? हक्क येत होता तो पब्लिककडून. पण त्या कमांडने एक गोष्ट उघड केली. पहिलं ग्रँट किंवा रिव्होक होताच पोस्टग्रेस मूळ परवानग्या रकान्यात लिहून टाकतं. पोस्टग्रेसमधला मघाशी रिकामा असलेला रकाना आता भरला होता आणि त्यात एक नोंद थेट बरोबरच्या (=) चिन्हाने सुरू होत होती, चिन्हाच्या डावीकडे काहीच नाही. पोस्टग्रेसमध्ये डावीकडची ती मोकळी जागा म्हणजेच पब्लिक. तांत्रिक प्रमुखांनी खुर्ची पुढे ओढून ती ओळ दोनदा वाचली. मग पब्लिककडून हक्क काढला, फक्त वेबसाइटच्या रोलला दिला, आणि केंद्राच्या लॉगिनवर अखेर ४२५०१ आला.

मूळ स्थिती नकाराची असावी आणि परवानगी मुद्दाम द्यावी लागावी, हे तत्त्व साल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं आहे. फंक्शनच्या बाबतीत पोस्टग्रेसचा कल उलटा आहे. दस्तऐवजांत ते स्पष्ट लिहिलेलंही आहे, पण फंक्शन लिहून देणाऱ्या व्हेंडरने आणि ते वापरायला घेणाऱ्या लॅबने तिथवर वाचलेलं असतंच असं नाही. म्हणून आम्ही मूळ परवानग्याच बदलल्या, म्हणजे पुढे होणारं कुठलंही फंक्शन पब्लिकला आपोआप मिळणार नाही. यात दोन खाचाखोचा आहेत. ही सेटिंग एका स्कीमापुरती (डेटाबेसमधल्या एका कप्प्यापुरती) करून उपयोग होत नाही, पूर्ण डेटाबेसच्या पातळीवर करावी लागते. आणि ज्या रोलच्या नावाने ती केली, त्याने तयार केलेल्या वस्तूंनाच ती लागू होते. व्हेंडर स्वतःच्या वेगळ्या रोलने फंक्शन तयार करत होता. त्याच्यासाठी ती वेगळी चालवावी लागली.

‘पब्लिक’ नावाच्या स्कीमाचंही तसंच निघालं. आवृत्ती १५ पासून नव्या डेटाबेसमध्ये त्या स्कीमात कुणालाही वाटेल ते बनवता येत नाही, पण जुन्यावरून आणलेल्या डेटाबेसमध्ये जुनीच मुभा राहते. तीही काढली.

आता या सगळ्या ‘नाही’च्या चाचण्या पीजीटॅप या पोस्टग्रेसच्या चाचणी-साधनात लिहिलेल्या आहेत आणि रोज रात्री केंद्रांच्याच लॉगिनने चालतात. नवीन फंक्शन आलं आणि कुठल्याही केंद्राला ते चालवता आलं, तर सकाळी प्रमुखांना मेल जातो.

लॅबच्या मालक डॉक्टर संध्याकाळी आल्या. त्यांनी तांत्रिक तपशील शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारलं, “आजवर कुणी पाहिलं असेल का?” याचं उत्तर देता आलं नाही. कुठली क्वेरी कुणी चालवली याची नोंद पोस्टग्रेस स्वतःहून ठेवत नाही आणि इथे ती कधी सुरूच केलेली नव्हती. फंक्शन कितीदा चाललं हे मोजण्याची सोयही मुळात बंद असते. मी तसंच सांगितलं. ‘पाहिलं नसेल’ असं म्हणणं त्यांना सोयीचं होतं, पण त्याला पुरावा नव्हता. त्यांनी त्याच संध्याकाळी वकिलांना फोन केला, आणि प्रमुखांना दुसऱ्या दिवशी केंद्रांचे सगळे पासवर्ड बदलून प्रत्यक्ष डेटाबेसवर कुणी काय चालवलं याची नोंद ठेवणारं पीजीऑडिट बसवायला सांगितलं. बारकोड क्रमाने देणं बंद करायचं कामही व्हेंडरकडे गेलं आहे. ते अजून पूर्ण झालेलं नाही आणि मी दर आठवड्याला त्याचा पाठपुरावा करते.